टाळेबंदीत गेलेला तोल

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले करोनाबाधित पुण्यात सापडले. दुबईहून परतलेले ते जोडपे होते. पुढच्या दोन आठवड्यांत शहराला कुलूप लागले. त्यानंतर पुणेकरांच्या तोंडी आकड्यांची जी भाषा रुळली, ती सगळी एका विषाणूची होती: आज बाधित किती, खाटा शिल्लक किती, ऑक्सिजनवर किती. त्या काळात कोथरूडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये किंवा कसब्यातल्या जुन्या वाड्यात सत्तरीतल्या कुणी न्हाणीघरात घसरून खुबा मोडून घेतला, तर संध्याकाळच्या त्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता. साथीच्या ऐन भरात असा रकाना कोण ठेवणार, हे खरेच. पण साथ ओसरल्यावरही तो कुणी मागितला नाही, आणि म्हणून ज्येष्ठांवरच्या निर्बंधांचा हिशेब अर्ध्यावरच मिटवला गेला. माझे म्हणणे एवढेच की, निर्बंधांनी म्हाताऱ्या माणसांचे पडणे थांबवले नाही. ते रस्त्यावरून घरात आणले आणि त्यातले बरेचसे पुढच्या वर्षांवर ढकलले. संसर्ग टाळण्यासाठी गर्दी बंद करायची होती. तिच्याबरोबर चालणेही बंद झाले. या दोन गोष्टी वेगळ्या करता येण्याजोग्या होत्या, आणि निदान २०२०च्या उन्हाळ्यानंतर त्या वेगळ्या करायला हव्या होत्या.

पडणे ही आपल्याकडे आजारात न धरली जाणारी गोष्ट आहे. ‘वय झालं, पडले’ एवढ्यावर विषय संपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात. अनवधानाने होणाऱ्या इजांच्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल हाच क्रमांक लागतो, आणि यातले ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. पासष्टीपुढच्यांपैकी २८ ते ३५ टक्के माणसे वर्षातून एकदा तरी पडतात, असे हीच संघटना सांगते. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये देशभरच्या ७२ हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. तिच्यात मागच्या दोन वर्षांत पडल्याचे सांगणारे साठीपुढचे साधारण आठांत एक निघाले. भारतीय म्हातारे इतर देशांतल्या म्हाताऱ्यांपेक्षा तोल सांभाळण्यात तरबेज आहेत, असा निष्कर्ष यातून काढायचा मोह होईल. मला त्याचा अर्थ वेगळा दिसतो. दोन वर्षांपूर्वीचे, हाड न मोडलेले पडणे आपल्याकडे कुणी लक्षात ठेवत नाही, आणि लक्षात असले तरी सांगत नाही. सांगितले की मुले जिना चढू देत नाहीत.

खुब्याच्या फ्रॅक्चरचे मात्र तसे नाही. मनगट मोडले तर तेल लावून, फडके गुंडाळून, हाडवैद्याकडे जाऊन माणूस महिना काढू शकतो. खुबा मोडलेल्या माणसाला उभेच राहता येत नाही. म्हणून टाळेबंदीत नेमके काय घडले हे पाहायचे, तर खुब्याच्या फ्रॅक्चरसारखा प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. अमेरिकेत २९ मार्च ते २५ एप्रिल २०२० या चार आठवड्यांत रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतल्या भेटी आदल्या वर्षापेक्षा ४२ टक्क्यांनी घटल्या. वाहने थांबली, मैदाने रिकामी झाली, मद्यालये बंद पडली, शिवाय लोकांना रुग्णालयाचीच धास्ती वाटू लागली. स्पेनपासून ब्रिटनपर्यंत अनेक ठिकाणच्या अस्थिरोग विभागांनी त्या काळातल्या नोंदी छापल्या आणि त्यांत एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसले: अपघातांच्या इजा झपाट्याने उतरल्या, पण म्हाताऱ्यांचे खुबे जवळपास पूर्वीच्याच संख्येने मोडत राहिले. यात नवल वाटावे असे खरे तर काही नाही. खुबा मोडायला मोटार लागत नाही. बहुतेक वेळा माणूस उभ्या जागी, स्वतःच्याच उंचीवरून पडलेला असतो. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर, बहुधा रात्री. टाळेबंदीने माणसाला नेमक्या त्याच वाटेवर आणून ठेवले होते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. युरोपात खुबा मोडलेला माणूस रुग्णालयात पोचतोच. आपल्याकडे पोचतो असे नाही. ब्रिटनमध्ये खुब्याच्या फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंदवही २००७पासून आहे. त्या तोडीची देशव्यापी नोंदवही २०२०मध्ये भारतात नव्हती. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात झालेल्या एका अभ्यासात पन्नाशीपुढच्या दर लाख स्त्रियांमागे वर्षाला १५९ आणि पुरुषांमागे १०५ अशी खुब्याची फ्रॅक्चरे आढळली होती. असे जिल्हाभर मोजलेले आकडे आपल्याकडे विरळा. शस्त्रक्रिया न करता अंथरूण धरलेली आणि तीन महिन्यांत न्यूमोनियाने किंवा पाठीला झालेल्या जखमांनी गेलेली माणसे करोनाच्या आधीही होती. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, बळ देतो. टाळेबंदीत रिक्षा नव्हती, बस नव्हती, ससूनसारखे मोठे सरकारी रुग्णालय करोनाच्या रुग्णांत बुडाले होते आणि खासगी रुग्णालये आरटीपीसीआरचा अहवाल हाती आल्याशिवाय टेबलावर घेत नव्हती. खुब्याच्या बाबतीत वेळेला मोल असते. दिवस-दीड दिवसात, फार तर ४८ तासांत शस्त्रक्रिया व्हावी असा जगभरचा दंडक आहे, कारण माणूस जितका काळ आडवा, तितकी फुप्फुसे आणि रक्तवाहिन्या धोक्यात. एरवीही खुबा मोडलेल्यांपैकी पाचांत एक किंवा त्याहून जास्त माणसे वर्षभरात दगावतात. फ्रॅक्चरच्या जोडीला करोना झालेला असेल तर महिनाभरातल्या मृत्यूंचे प्रमाण तिपटी-चौपटीवर जाते, असे स्कॉटलंडच्या आणि इतर देशांच्या नोंदींत दिसले. अशा मृत्यूची नोंद पुढे करोनाच्या खात्यावर पडली. पडण्याच्या खात्यावर ती कुठे पडणार?

पण टाळेबंदीच्या त्या पहिल्या आठवड्यांत पडलेली माणसे हा या विषयाचा लहान भाग आहे. मोठा भाग स्नायूंचा, आणि तो हळूहळू घडला. २००७मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सरासरी ६७ वर्षांच्या काही निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो स्नायू घटले आणि गुडघा सरळ करण्याची ताकद १५ टक्क्यांहून जास्त उतरली. अंथरूण हा टोकाचा प्रयोग झाला. टाळेबंदीत कुणी दिवसभर झोपून नव्हते, असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर देणारा दुसरा प्रयोग २०१३चा आहे. त्यात म्हाताऱ्या माणसांना फक्त चालणे कमी करायला सांगितले. रोजची पावले पाऊणपट घटली, आणि दोन आठवड्यांत पायांचे स्नायू जवळजवळ चार टक्क्यांनी उतरले. दोन्ही प्रयोगांतली माणसे मूठभर होती, हे मान्य; पण दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि २०२०मध्ये आपण जे केले ते या दुसऱ्या प्रयोगाच्या फार जवळचे होते. फरक इतकाच की प्रयोग दोन आठवड्यांत संपला, आपला संपायला वर्ष गेले. तरुणाचे स्नायू पगारासारखे असतात, खर्च झाले तरी पुढच्या महिन्यात पुन्हा येतात. सत्तरीतल्या माणसाचे स्नायू ही शिल्लक असते. काढली की ती भरून निघायला फार वेळ लागतो, आणि कधीकधी ती भरून निघतच नाही.

हे सगळे प्रयोगशाळेतले तर्क म्हणून सोडून देता आले असते, जर लोकांच्या प्रत्यक्ष सवयी मोजल्या गेल्या नसत्या. जपानमध्ये एप्रिल २०२०मध्ये १,६०० ज्येष्ठांची पाहणी झाली; त्यांच्या हालचालीचा आठवड्याचा वेळ २४५ मिनिटांवरून १८० मिनिटांवर, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक घसरला होता. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने ऑगस्ट २०२१मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल तर याच प्रश्नाला वाहिलेला होता. ताकद आणि तोल राखणाऱ्या हालचाली तिथले ज्येष्ठ आठवड्याला सरासरी १२६ मिनिटे करत. २०२०च्या मार्च ते मे या काळात त्या ७७ मिनिटांवर आल्या. काहीच न करणाऱ्यांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ३२वर गेले. यावरून त्या खात्याने गणित मांडले की, काही उपाय केले नाहीत तर वर्षातून एकदा तरी पडणाऱ्या ज्येष्ठांत १ लाख १० हजारांची भर पडेल. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण मला त्यातली प्रशासकीय सवय महत्त्वाची वाटते: निर्बंध लादणाऱ्या सरकारनेच त्या निर्बंधांनी किती माणसे पडतील याचा हिशेब छापला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने ५० ते ८० वयाच्या लोकांना विचारले, तेव्हा हालचाल कमी झाल्याचे सांगणारे तिघांत एकाहून जास्त निघाले आणि साथीच्या पहिल्या दहाएक महिन्यांत पडल्याचे चारांत एकाने सांगितले. ज्यांची हालचाल घटली त्यांच्यात पडणे अधिक होते.

आता पुण्याकडे. सत्तरीतला पुणेकर व्यायामशाळेत क्वचितच जातो. त्याची व्यायामशाळा म्हणजे पर्वतीच्या पायऱ्या, तळजाई, हनुमान टेकडी, लॉ कॉलेजची टेकडी, सारसबागेतली फेरी, कमला नेहरू पार्क, सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान. जोडीला पेठापेठांतले ज्येष्ठ नागरिक संघ आणि बागांमधले हास्यक्लब. टेकडीवर जाताना माणूस खडबडीत जमिनीवर पाऊल टाकतो, चढतो, उतरतो, समोरून आलेल्याला वाट देण्यासाठी एका पायावर क्षणभर थांबतो. भौतिकोपचारतज्ज्ञ पैसे घेऊन जो तोलाचा व्यायाम शिकवतात, तो हाच. मे २०२०च्या केंद्रीय आदेशांनी ६५ वर्षांपुढच्यांनी अत्यावश्यक गरज आणि उपचार वगळता घरातच राहावे असे ठरवले. ‘मिशन बिगिन अगेन’च्या आदेशात राज्य सरकारने ३ जूनपासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात चालायला आणि धावायला मोकळीक दिली, म्हणजे मोकळ्या हवेतल्या व्यायामाचे महत्त्व सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. पण पासष्टीच्या रेषेपलीकडच्यांना घरी राहण्याचा सल्ला कायम राहिला. पुण्यातल्या बागा जूनमध्ये थोडे दिवस उघडून पुन्हा बंद झाल्या, १४ जुलैपासून दहा दिवसांची कडक टाळेबंदी आली, आणि बागांची फाटके पुन्हा उघडायला नोव्हेंबर उजाडला. दुकाने, कार्यालये, उपाहारगृहे टप्प्याटप्प्याने सुरू होत असताना शहरातली सर्वांत हवेशीर जागा सर्वांत शेवटच्या रांगेत उभी होती.

घरात काय होत होते? सोसायट्यांनी घरकामाच्या बायकांना फाटकावरच अडवले. धुणे, भांडी, केर, फरशी ही कामे घरातल्या बाईवर आली, आणि ज्या घरात मुले परदेशी आणि दोघेच म्हातारे, तिथे ती पासष्टीतल्या-सत्तरीतल्या बाईवर आली. यावर कुणी म्हणेल की कामाने व्यायामच झाला असेल. काहींना झालाही असेल. पण ओल्या फरशीवर वाकून मागे मागे सरकणे, माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढणे, कपडे वाळत घालताना मान मागे टाकणे या पडण्याच्या नेमक्या जागा आहेत, आणि पायांची ताकद उतरत असतानाच त्यांची संख्या वाढली. नव्या इमारतींतल्या न्हाणीघरांत गुळगुळीत टाइल असते. धरायला दांडी नसते, कारण दांडी ‘आजारी माणसाच्या घरासारखी’ दिसते. जुन्या वाड्यांत अंधारे, उभे लाकडी जिने आहेत.

झोपडपट्टीतल्या ज्येष्ठांची गोष्ट तर याहून वेगळी, आणि तिच्याबद्दल पुण्याकडे एक भक्कम आकडा आहे. २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० या काळात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आयसर आणि इतर संस्थांनी येरवडा, कसबा-सोमवार पेठ, रास्ता-रविवार पेठ, लोहियानगर-कासेवाडी आणि नवी पेठ-पर्वती या पाच प्रभागांत रक्ततपासणीची पाहणी केली. ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडे सापडली, लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ टक्के. स्वतःचा संडास असलेल्यांत हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास होते, सामायिक संडास वापरणाऱ्यांत ६२ टक्के. ज्याचा संडास गल्लीच्या टोकाला आहे त्या म्हाताऱ्याला घरात राहा म्हणून सांगण्याला काय अर्थ? तो रोज चार-सहा वेळा बाहेर पडणारच होता, ओल्या वाटेवरून, रात्री अपुऱ्या उजेडात. त्याला संसर्गही टळला नाही आणि पडण्याचा धोकाही. टळले ते फक्त सकाळचे मोकळ्या जागेतले बसणे-फिरणे.

याच पाहणीतून माझ्याविरुद्धचा सर्वांत जोरकस मुद्दाही निघतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. ६५ वर्षांपुढच्यांमध्ये प्रतिपिंडांचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते, म्हणजे एकूण प्रमाणापेक्षा बरेच कमी. निर्बंधांनी ज्येष्ठांना वाचवले, असे यावरून म्हणता येते, आणि करोनाने मरण्याचा धोका वयाबरोबर किती चढत जातो हे लक्षात घेतले तर ही बचत मोठी आहे. मोडलेल्या खुब्याची तुलना त्या मृत्यूंशी करून निर्बंध फोल ठरवण्याचा माझा इरादा नाही. प्रश्न हा आहे की ही बचत निर्बंधांच्या कुठल्या भागाने केली. लग्नसमारंभ, देवळे, बस, गजबजलेली दवाखान्याची ओसरी टाळल्याने की टेकडीवर जाणे टाळल्याने? त्या वर्षीच प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मोकळ्या हवेत झालेले संसर्ग एकूण संसर्गाच्या दहा टक्क्यांहूनही कमी आढळले, आणि बंदिस्त जागेत संसर्गाची शक्यता सुमारे १९ पट जास्त निघाली. म्हणजे संसर्गाचा मोठा वाटा बंद खोल्यांचा होता. आणि दहांतल्या चार ज्येष्ठांपर्यंत विषाणू पोचला तो बहुतेक कामाला जाणाऱ्या मुलासुनेबरोबर, घराच्या दारातूनच. मार्च-एप्रिल २०२०मध्ये हे कुणाला ठाऊक नव्हते, तेव्हाच्या सरसकट बंदीला दोष देणे अन्यायाचे होईल. ऑक्टोबरमध्ये ते ठाऊक नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या राहणीचा. आपली माणसे जमिनीवर बसतात-उठतात, पूजेला मांडी घालतात, सूर्यनमस्कार घालतात. शिवाय टाळेबंदीत योगवर्ग मोबाइलवर आले होतेच. जमिनीवरून हाताच्या आधाराशिवाय उठता येणे ही उत्तम चाचणी आहे, यात वाद नाही. पण साठीनंतर गुडघे धरल्यामुळे ही सवय शहरी मध्यमवर्गात झपाट्याने सुटते आहे. खुर्चीत जेवण, पलंगावर झोप आणि कमोड ही आजच्या पुण्यातल्या ज्येष्ठांची राहणी आहे. मोबाइलवरचा वर्ग ज्याला मोबाइल चालवता येतो त्याच्यापुरता. आणि व्यायाम कोणता, हेही महत्त्वाचे. २०१९मध्ये कॉक्रेन संस्थेने १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक ज्येष्ठ यांचा आढावा घेतला, तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटलेले दिसले. त्यात मुख्य वाटा होता तो उभे राहून करायच्या, तोलाला आव्हान देणाऱ्या व्यायामाचा. सोफ्यावर बसून केलेला प्राणायाम मन शांत करील, फुप्फुसांनाही बरा. पण न्हाणीघरात पाय घसरल्यावर तो मदतीला येत नाही.

पाहण्यांत सहज न दिसणारे आणखी काही धागे इथे येऊन मिळतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. अंधुक नजरेला पायरीचा काठ दिसत नाही. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या महिनोन्‌महिने डॉक्टरला न भेटता त्याच प्रमाणात चालू राहिल्या. करोनातून उठलेल्यांपैकी अनेकांना स्टिरॉइड दिलेले होते. २०२१मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी अशा तीन रुग्णांत मांडीच्या हाडाचा गोल रक्तपुरवठ्याअभावी झिजल्याचे नोंदवले, तेव्हा वर्तमानपत्रांत खळबळ झाली. ते रुग्ण तुलनेने तरुण होते, म्हणून बातमी झाली. आणि एकदा पडलेल्या माणसाला पुन्हा पडण्याची जी भीती बसते, ती त्याला घरात कोंडायला पुरते. त्यासाठी सरकारी आदेश लागत नाही.

२०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के, आज ते निश्चितच जास्त आहेत, म्हणजे असा आदेश पुन्हा निघाला तर तो आणखी माणसांना घरात बसवील. पुण्यातल्या बागा बंद झाल्या त्या १८९७चा साथरोग कायदा आणि २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधाराने निघालेल्या आदेशांनी. यांतला पहिला कायदा प्लेगचा. त्या वर्षी ब्रिटिश प्लेग अधिकारी रँडच्या माणसांनी पुण्यात घरांची झडती घेऊन माणसे बाहेर काढली. सव्वाशे वर्षांनी त्याच कायद्याने माणसांना घरात बसवले. दोन्ही वेळा आदेश काढणाऱ्याला समोर एकच रोग दिसत होता. पुढच्या वेळी, आणि ते संकट करोनाच असेल असे नाही, एखाद्या उन्हाळ्यातली उष्णतेची लाटही असेल, ज्येष्ठांना घरात बसवणाऱ्या आदेशाच्या मसुद्यावर अस्थिरोगतज्ज्ञाची आणि भौतिकोपचारतज्ज्ञाची नजर पडायला हवी. बाग बंद न करता सकाळचे दोन तास साठीपुढच्यांसाठी राखून ठेवता येतात. घरकामाच्या बाईला सोसायटीत येऊ द्यायचे की नाही, हे ठरवताना आत राहणाऱ्यांचे वय विचारता येते. आशासेविका ताप आणि ऑक्सिजन मोजायला दारोदार गेल्याच होत्या. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात, हे मोजायला घड्याळापलीकडे काही लागत नाही. आणि महापालिकेच्या दवाखान्यांतल्या नोंदवहीत मोडलेल्या हाडाशेजारी एक रकाना वाढवायचा: कुठे पडले, कशाने पडले, आधीच्या वर्षभरात किती चालत होते.